कार्याध्यक्षसाहेब, एक सत्कार राहिला

मा. कार्याध्यक्ष,
नाताळ महोत्सव समिती,
मुक्काम बारामती, शाखा इंदापूर



पत्रास कारण की, आपला फ्लेक्स लागला. भिगवण रस्त्याने गावात शिरताना तो चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. वीस फूट रुंद, दहा फूट उंच. वर मधोमध नेते, त्यांच्या दोन्ही अंगांना युवा नेते, त्याखाली आपण, हात जोडून आणि गॉगल कपाळावर चढवून. आपल्या पायाशी गोल चौकटींत समस्त शुभेच्छुक. त्यातल्या दोघा-तिघांना मी चर्चच्या पायरीवर कधी पाहिलेलं नाही, पण शुभेच्छा द्यायला पायरी चढावी लागते असं कुठे लिहिलंय? बाळ येशू कुठे दिसेना म्हणून मी गाडी बाजूला घेऊन शोधला. सापडला. वरच्या डाव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. फ्लेक्स खांबाला बांधायची दोरी नेमकी त्याच्या कपाळावरून गेली आहे. खाली ‘प्रभू येशू खिस्त जयंती’ असं छापलंय. आपल्या नावामागचं ‘कार्यसम्राट’ मात्र बिनचूक आलं आहे, तेव्हा प्रूफ कुठून कुठपर्यंत तपासलं गेलं याचा अंदाज आला.

हे पत्र खरं तर आपल्या हातात द्यायचं होतं. पण डिसेंबरात आपण सापडत नाही. मंडपवाल्याकडे गेलो तर आपण केटररकडे, केटररकडे गेलो तर आपण निमंत्रण द्यायला पुण्याला. शिवाय आपण म्हणजे कोणी एक गृहस्थ असता तर गोष्ट वेगळी. बारामतीत आपण आहात, माझ्या सासुरवाडीला इंदापुरातही आपणच आहात. नाव वेगळं, जाकीट तेच. इंदापूरकरांनी मागच्या वर्षी डीजे आणला म्हणून बारामतीकरांनी यंदा एलईडी भिंत ठरवली आहे, हेही कानावर आलं. बेथलेहेमवर एकच तारा होता, त्याला स्पर्धक नव्हता, म्हणून बिचाऱ्याचं निभावलं.

व्यासपीठावरून दरवर्षी सांताक्लॉजला झोडपलं जातं. त्याने म्हणे नाताळ पळवला. मला त्या म्हाताऱ्याची दया येते. मुळात तो चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप, संत निकोलस. पुढे अमेरिकन व्यंगचित्रकारांनी त्याला ढेरी दिली आणि १९३१ पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी त्याचा लाल कोट घराघरात नेला. ‘जिंगल बेल्स’चंही तसंच. १८५७ साली छापलेल्या त्या गाण्यात ख्रिस्त नाही आणि नाताळही नाही, नुसती बर्फावरची घोडागाडी आहे. ती घोडागाडी आपण दर डिसेंबरात इंदापूरच्या पर्जन्यछायेत पळवतो, पळो बिचारी. दुकानदार चॉकलेट विकायला बसलाय आणि तो तसं उघड सांगतो. त्याने वेदीपुढे उभं राहून कसलंही वचन दिलेलं नाही. आपण दिलं आहे. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून सांताला सोडावं आणि आपण आत यावं, ही विनंती.

गेल्या नाताळाचा कार्यक्रम मी शेवटपर्यंत बसून पाहिला. वेळ सहाची होती. साडेसहाला पाहुणे ‘निघालेत’, सातला ‘पोचतच आहेत’, आणि आठ वाजता त्यांचे स्वीय सहायक पोचले. तोवर देवदूत झालेली पोरं थंडीत थर्माकोलचे पंख सावरत उभी. शेवटी पाहुणे आले. आपण पाळकसाहेबांना प्रार्थनेसाठी माईक दिलात आणि कानाशी लागून म्हणालात, ‘थोडक्यात घ्या.’ माईक चालू होता. सगळ्या मंडळीने ऐकलं. वरही ऐकू गेलं असावं.

मग सत्कार. पाहुण्यांचा, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा, त्यांच्या गाडीत जागा नव्हती म्हणून मागच्या गाडीतून आलेल्यांचा. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो. सूत्रसंचालकाची यमकं संपेनात. आता बारामती हे मोरोपंतांचं गाव, त्यामुळे यमक आणि अनुप्रास इथल्या पाण्यातच आहे हे मान्य. पण पंतांनी आर्या रचल्या त्या देवासाठी. आपल्या सूत्रसंचालकाने त्या रात्री जेवढ्या रचल्या त्या सगळ्या माजी तालुकाध्यक्षांच्या पदरात पडल्या.

या सगळ्यात संडे स्कूलची एक मुलगी होती, तिसरी-चौथीतली असेल. लूकच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली वीस वचनं तिने तोंडपाठ केली होती. कैसराच्या नावनोंदणीच्या हुकुमापासून ते मेंढपाळ परत जातात तिथपर्यंत, एकही शब्द न गाळता. आजीने रोज संध्याकाळी बसवून घेतली होती. तिचं नाव पुकारलं, ती स्टेजच्या पायऱ्या चढली, आणि तेवढ्यात चिठ्ठी आली की पाहुण्यांना पुढे आणखी एक कार्यक्रम आहे. ‘वेळेअभावी’ तिला प्रमाणपत्र देऊन खाली उतरवण्यात आलं. तिने शहाण्यासारखं प्रमाणपत्र घेतलं, पाहुण्यांबरोबर फोटोला उभी राहिली आणि खाली येऊन आजीला विचारलं, ‘आता म्हणू का नको?’ आजी तिला मंडपामागे घेऊन गेली. जनरेटरच्या आवाजात तिने आजीला सगळी वीस वचनं म्हणून दाखवली. त्या रात्री तेवढीच काय ती उपासना झाली. मला वाटतं, चार मिनिटं लागली असतील. तालुकाध्यक्षांच्या एका आर्येपेक्षा कमी.

शेवटी आपण आभार मानलेत. मंडपवाले, साउंडवाले, महावितरण, पोलीस स्टेशन, पत्रकार बंधू, बिर्याणी करणारे, बिर्याणी वाढणारे आणि ‘ज्ञात-अज्ञात हितचिंतक’. ज्याचा जन्मदिवस होता तो बहुधा अज्ञातांत धरला असावा. एक शाल आणि एक नारळ टेबलावर शिल्लक दिसत होता, म्हणून म्हटलं.

आपण कष्ट करत नाही असं मी म्हणणार नाही. आपल्याइतकं राबणारा माणूस मंडळीत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. नाताळाआधीचे चार रविवार हा आगमनकाळ. थांबायचा, वाट पाहायचा, स्वतःकडे जरा बघायचा. आपण त्याचा तालमीचा महिना केलात. उपदेश चालू असताना बाहेर नाचाची तालीम, प्रार्थना चालू असताना पावतीपुस्तकांचं वाटप. तरुण संघाच्या मुलांना बायबल उघडायला सवड नाही, कारण ती बायबलमधली नाटकं बसवत आहेत. त्यातही हेरोदाच्या भूमिकेसाठी दरवर्षी भांडणं होतात, कारण त्याला मुकुट आहे. पाळकसाहेब आपण ध्वनिक्षेपकाच्या परवान्यासाठी फिरवलेत. मंडळीतल्या एक मावशी महिनाभर अंथरुणाला खिळून होत्या, त्यांच्याकडे जायचं राहिलं. त्यांनीही समजून घेतलं. ‘नाताळ आहे, पाळक बिझी असतील,’ म्हणाल्या.

अशा वेळी लोक मार्थेचं नाव घेतात. स्वयंपाकघरात राबणारी, बहिणीवर चिडणारी, आणि प्रभूकडून समज मिळालेली. आपल्याला मार्था म्हणणं हा मार्थेवर अन्याय होईल. ती राबत होती ते ज्याच्यासाठी, तो तिच्या ओट्याशेजारच्या खोलीत बसला होता. पाहुणा कोण आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं: ‘ही आपली परंपरा आहे.’ परंपरेचाच विषय निघाला तर जरा मागे जाऊ. महाराष्ट्रात आलेल्या पहिल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांत अमेरिकन मराठी मिशनचे लोक होते. ते १८१३ साली मुंबईला उतरले आणि पुढे अहमदनगरला स्थिरावले. त्यांना पाठवणारी संस्था १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये निघाली. याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली कायदा झाला होता की नाताळ साजरा करताना कोणी सापडला तर त्याला पाच शिलिंग दंड. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. इंदापूरपर्यंत काम नेलं ते स्कॉटिश मिशनने. त्यांच्या स्कॉटलंडात नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली १९५८ साली, म्हणजे आपल्या आजोबांना सुट्टी मिळत होती तेव्हा त्यांचे धर्मगुरू अजून कामावर जात होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारामतीत आले ते ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ क्राइस्टचे लोक. ब्रिटिश सरकारने ज्यांच्यावर ‘गुन्हेगार जमाती’ असा शिक्का मारला होता, त्यांच्या इथल्या वसाहतीत त्यांनी काम केलं. त्यांच्या चर्चचा भर सणावारांवर नव्हता. त्यांचा एक हट्ट होता: प्रभुभोजन दर रविवारी झालंच पाहिजे. वर्षातून एकदा मांडव घालून नव्हे, दर रविवारी, भाकर आणि प्याला.

म्हणजे ज्यांनी आपल्या पणजोबांना शुभवर्तमान सांगितलं, त्यांच्या पूर्वजांनी आपल्याला दंड ठोकला असता. पाच शिलिंग नाताळचे, फ्लेक्सचे वेगळे.

त्यांचं सगळं बरोबर होतं असं माझं म्हणणं नाही. सण केला म्हणून दंड, हा आततायीपणाच. पण त्यांना कसली धास्ती होती ते आपला कार्यक्रम पाहून समजतं. आणि शास्त्रात पाहाल तर पंचवीस डिसेंबर ही तारीख कुठेच नाही. रोममध्ये ती पाळली जात असल्याचा पुरावा चौथ्या शतकातला आहे. बाळाला भेटायला आलेले मागी तीन होते असंही मत्तयने लिहिलेलं नाही, भेटी तेवढ्या तीन. मार्क आणि योहान यांनी तर जन्माची हकीकतच दिलेली नाही. मार्कला नाताळाशिवाय शुभवर्तमान लिहिता आलं, आपल्याला शुभवर्तमानाशिवाय नाताळ करता येतो.

सुप्याकडून चौफुल्याला गेलात की केडगाव काही लांब नाही. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून बाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं. जी बाई जेमतेम वाचायला शिकली आहे तिलाही ते एकटीने वाचता यावं, एवढं सोपं मराठी त्यांना हवं होतं. टाइप जुळवायला मुक्तीतल्याच बायका-मुली, छापखाना मुक्तीतलाच. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या, पुस्तक १९२४ साली बाहेर आलं. एवढा खटाटोप करून त्यांनी जो लूक साध्या मराठीत दिला, त्याचा दुसरा अध्याय एका पोरीला म्हणायला आपल्या कार्यक्रमात चार मिनिटं निघाली नाहीत. त्याच कार्यक्रमात ‘महाराष्ट्राची थोर कन्या पंडिता रमाबाई’ असा उल्लेख आपण भाषणात केलात. टाळ्याही घेतल्यात.

आता पाहुण्यांच्या यादीविषयी. पहिल्या नाताळाचं निमंत्रण कोणाला गेलं होतं, हे त्या मुलीला बोलू दिलं असतं तर आपल्याला कळलं असतं. रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना. इंदापूर तालुक्यात मेंढपाळ काही शोधावे लागत नाहीत. आपण निमंत्रणं वाटत मोटारीतून फिरत होतात तेव्हा रस्त्याच्या कडेच्या रानात वाडा उतरलेला होता. वाघर लावून मेंढरं बसवलेली, घोड्यावरचं बिऱ्हाड खाली उतरवलेलं, तीन दगडांची चूल पेटलेली. आपण हॉर्न वाजवून मेंढरं बाजूला केलीत आणि पुढे गेलात. दोन दिवसांनी स्टेजवर सुखवस्तू घरांतली मुलं धोतर-मुंडासं बांधून मेंढपाळ झाली, तेव्हा पालकांनी मोबाइल वर केले.

गव्हाणीचंही तेच. आपण गोठा भाड्याने आणता, प्लायवूडचा, आत लायटिंग. डिसेंबर म्हणजे इकडे गळिताचा हंगाम भरात असतो. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, सगळ्यांची धुराडी पेटलेली. मुकादमाकडून उचल घेऊन बीडकडून आलेली कोयत्याची जोडपी उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्यांत राहतात. बैल बाहेर, माणसं आत, मध्ये पाचटाचा आडोसा. त्या कोप्यांत बाया बाळंत होतात. सरकारी हुकुमामुळे गाव सोडून निघालेलं, दिवस भरलेलं जोडपं आणि जागा नाही म्हणून गव्हाणीत निजवलेलं पोर, ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. आपल्या मंडपापासून कोप्या चालत जाण्याच्या अंतरावर होत्या. नाही, आपण तिकडे गेलात, उगाच खोटं कशाला बोलू. ब्लँकेट वाटपाला गेलात. फोटो माझ्या मोबाइलवरही आला. एक ब्लँकेट, एक म्हातारी आणि ब्लँकेट धरलेले समितीचे अकरा हात.

बेथलेहेमच्या जवळच तकोवा नावाचं गाव आहे. तिथल्या आमोस नावाच्या मेंढपाळाने येशूच्या सातशेहून अधिक वर्षं आधी देवाचा निरोप आणला होता. त्या निरोपाचा आशय असा की तुमच्या सणांचा मला वीट आलाय, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर न्या, आधी न्याय वाहता करा. तेव्हा डीजे नव्हता, तरी देवाला गोंगाट वाटला. आमोस यंदा आला तर आपण त्यालाही शाल घालाल आणि ‘थोडक्यात घ्या’ म्हणाल.

मी आनंदाच्या वाइटावर आहे, असा अर्थ काढू नका. करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा आमच्याकडे यंदाही होणार, आणि शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांत ताटं जाणार. बांबूच्या कामट्यांची चांदणी दाराशी लागणार. रात्री ढोलकी घेऊन गाणारी पोरं आली की चहा ठेवला जाणार. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून देखावा उभा केला, तोही त्यापुढे उपासना करण्यासाठी. देखाव्याने माझं पोट दुखत नाही. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्ताला अभंगात, भजनात आणलं, मराठी माणसाला तो मराठीत भेटावा म्हणून. त्या भजनांवर तीन-चार पिढ्या पोसल्या गेल्या. टाळ कितीही जोरात वाजले तरी शब्द ऐकू येत होते. आपल्या साउंडपुढे छाती हादरते, काचा हादरतात, शब्द कुठे जातात कोण जाणे. त्या दोन तासांत कोणा हिंदू शेजाऱ्याने मला विचारलं असतं की हा सण नेमका कशाचा, तर स्टेजकडे बोट दाखवून मला उत्तर देता आलं नसतं. नगरपालिकेची निवडणूक जवळ आली असावी, एवढंच त्याला दिसलं असतं.

तेव्हा मागण्या लिहून देतो. जानेवारीच्या हिशेबाच्या बैठकीत भांडणं व्हायच्या आधी, समितीच्या पुढच्याच बैठकीत त्या घ्या. सत्कार बंद करा, अगदीच जमत नसेल तर चर्च झाडणाऱ्या बाईंचा करा. आगमनकाळातल्या चारही रविवारी उपासना संपेपर्यंत तालीम नको. पाळकसाहेबांना परवान्याच्या रांगेतून सोडवा आणि आजाऱ्यांकडे जाऊ द्या. कोप्यांकडे जायचं असेल तर फोटोग्राफरशिवाय जा, आणि जाताना दवाखान्यात नेणारी गाडी घेऊन जा, तिचा उपयोग ब्लँकेटपेक्षा जास्त होईल. लूकचा दुसरा अध्याय कार्यक्रमात पहिला घ्या, पाहुणे आलेले असोत वा नसोत. फ्लेक्स लावायचाच असेल तर आपला फोटो कोपऱ्यात टाका आणि दोरी तिकडून बांधा.

आणि एक निमंत्रण. नाताळानंतरच्या रविवारी गेल्या वर्षी बाकं रिकामी होती. आपण थकून घरी झोपला होतात, समितीही झोपली होती. बाहेर मंडपवाल्याची पोरं बांबू सोडत होती आणि आत आम्ही पुढच्या दोन बाकांवर मावलो. यंदा त्या रविवारी उपासना नेहमीच्याच वेळेला आहे. स्टेज नाही, पाहुणे नाहीत, सत्कार होणार नाही. प्रभुभोजन आहे. या.

आपला,
मंडळीतला एक सभासद,
बारामती